साडेसहाची शाळा : गिरणगावातल्या रात्रशाळांचा एक प्रकरण अभ्यास

लालबाग, परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी, डिलाईल रोड. या पट्ट्याला गिरणगाव म्हणायची मुंबईची सवय अजून सुटलेली नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आले, काचेच्या इमारती आल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. गिरण्यांच्या काळातली एक संस्था मात्र अजून तग धरून आहे, ती म्हणजे रात्रशाळा. दिवसभर काम करून आलेल्या मुलांनी संध्याकाळी सहा-साडेसहाला वर्गात बसायचे, नऊ-साडेनऊला उठायचे आणि दहावीला दिवसशाळेच्या मुलांना येते तीच प्रश्नपत्रिका सोडवायची, अशी ही व्यवस्था आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या शाळा सुधारण्याचे प्रयत्न झाले. काही मनापासून आणि विचारपूर्वक झाले, काही शासन निर्णयांतून वरून आले. तरीही जूनमध्ये भरलेले बाक दिवाळीनंतर रिकामे दिसू लागतात. या लेखात त्याची कारणे शोधली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. शिक्षक, पुस्तके, प्रयोगशाळा यांची उणीव खरी आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे. पण मूळ गाठ वेळेची आहे. ही शाळा गिरणीच्या वेळापत्रकावर उभी राहिली. गिरणी गेली, कामाचे तास बदलले आणि शाळेची वेळ मात्र तिथेच राहिली.

गिरणीच्या पाळीवर बेतलेली शाळा

महाराष्ट्रात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढण्याची परंपरा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्यापासूनची. त्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी अशी शाळा सुरू केली. मुंबईच्या गिरणी भागात हे काम संघटितपणे रुजवण्यात ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचा मोठा वाटा आहे. लीगची स्थापना १९११ ची. रात्रीचे वर्ग, वाचनालये, व्याख्याने, दवाखाने असे तिचे काम परळच्या आसपास वाढत गेले. पुढे १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटनांची देशपातळीवरची मध्यवर्ती संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या उभारणीतही जोशी होते. डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. कामगाराचे शिक्षण आणि कामगाराचा पगार हे एकाच माणसाच्या कामाचे दोन भाग होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज हे दोन विषय दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत. त्याचा परिणाम पुढे येईलच.

त्या काळात मुलेही गिरणीत होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास बंदी केली. म्हणजे सात वर्षांचे मूल कायद्याने कामगार होऊ शकत होते. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊवर गेली आणि १९२२ मध्ये बारावर. मुंबईत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले तेही आधी १९२५ मध्ये एफ आणि जी या वॉर्डांत, म्हणजे बऱ्याच अंशी गिरणी वस्तीत. कामाचे वय वर सरकायचे आणि शाळेचे वय त्याच्या मागोमाग यायचे. मुलाचा दिवस कारखान्याने किती घ्यायचा आणि शाळेने किती, याची ती सरळ ओढाताण होती आणि त्या काळच्या सुधारकांना ती स्पष्ट दिसत होती.

रात्रशाळेची वेळ समजून घ्यायची तर गिरणीच्या पाळ्या समजून घ्याव्या लागतात. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटायची. दुसरी साडेतीनला लागायची ती मध्यरात्रीपर्यंत, आणि तिसरी तिथून सकाळपर्यंत. सातच्या पाळीचा माणूस चारच्या सुमारास खोलीवर यायचा. अंग धुऊन, चहा घेऊन, थोडा पडून साडेसहाला तो शाळेत हजर राहू शकत होता. तिसऱ्या पाळीचाही दहापर्यंत मोकळा असायचा. अडचण फक्त दुसऱ्या पाळीवाल्याची. भोंगा कोणासाठी थांबत नसे, पण कधी वाजणार हे सगळ्यांना ठाऊक असे. शाळेने त्यावर आपली वेळ बेतली होती.

शिवाय ही शाळा एकटी नव्हती. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष गावकऱ्यांच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. मुलगा शाळेत जातो हे खानावळवालीला ठाऊक असायचे. त्याचे ताट साडेनऊनंतर झाकून ठेवले जायचे. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. ती स्वतंत्र आणि मोठी गोष्ट आहे. इथे तिचा उल्लेख एवढ्याचसाठी की रात्री शिकणाऱ्या मुलाचे जेवण ही तेव्हा शाळेची जबाबदारी नव्हती. ती वस्तीनेच उचललेली होती. अभ्यासाला चाळीचा जिना होता, दिव्याखालचा कट्टा होता, मंडळाचे वाचनालय होते. शाळेला तीन तास पुरत होते, कारण उरलेले काम आजूबाजूची वस्ती करत होती.

आणखी एक गोष्ट होती, बदलीची. बापाच्या ओळखीने पोरगा बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला कामगार, म्हणून खात्यात उभा राहायचा आणि काही वर्षांनी कायम व्हायचा. त्यामुळे शाळेत नापास होणे ही आपत्ती नव्हती. सातवी झालेल्या मुलालाही साचेखात्याचे, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागाचे, दार उघडे होते. रात्रशाळेत यायचा तो त्यापलीकडे जाऊ पाहणारा. बेस्ट, रेल्वे, महापालिका, टपाल, नाहीतर गिरणीतच कारकुनी. मॅट्रिक झाले की अर्ज करता येत होता.

१८ जानेवारी १९८२ नंतर

त्या दिवशी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून जास्त माणसे पुन्हा कधीच कामावर गेली नाहीत. त्या संपाचे राजकारण आणि अर्थकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शाळेच्या दृष्टीने त्याचे दोन परिणाम महत्त्वाचे.

पहिला परिणाम वर्षभरातच दिसला. बापाचा पगार थांबल्यावर घरातला थोरला मुलगा कामाला लागला. कोणी वर्तमानपत्रे टाकू लागला, कोणी दुधाची लाईन धरली, कोणी हॉटेलात, कोणी कुरिअरमध्ये. मुली घरकामाला, शिलाईला, प्लास्टिकच्या छोट्या कारखान्यांत गेल्या. म्हणजे रात्रशाळेत पूर्वी कामगार यायचा, आता बेकार झालेल्या कामगाराचे मूल येऊ लागले. आधी प्रौढ माणूस पुढे जाण्यासाठी शिकत होता. आता चौदा-पंधरा वर्षांचे मूल दिवसशाळेतून निसटल्यामुळे इथे पोचत होते. पाटी तीच, पण विद्यार्थी दुसरा.

दुसरा परिणाम सावकाश आला. बदलीची वाट बंद झाली, त्यामुळे शाळेशिवाय दुसरी शिडी उरली नाही. नेमके त्याच काळात दहावीची किंमत घसरत होती. ज्या नोकऱ्यांसाठी मॅट्रिक पुरत असे तिथे पदवी मागू लागले आणि खालच्या जागा कंत्राटी झाल्या. दहावी सर्वांत जास्त गरजेची झाली आणि सर्वांत कमी उपयोगाची झाली, ती एकाच पिढीत.

जमिनीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन मालक, महापालिका आणि म्हाडा यांच्यात वाटायची ही त्यातली कल्पना. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वापरासाठी मिळू शकणारी जमीन आकसली. मैदाने आणि घरांबरोबर शाळांसाठी मिळू शकणारी जागाही त्यात गेली. कामगारांची कुटुंबे विरार, नालासोपारा, कल्याण, बदलापूरकडे सरकली. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे गिरणी कामगारांसाठी निघाली. अर्जदारांच्या संख्येपुढे ती फार तोकडी होती.

आज वर्गात कोण बसते

रात्रशाळेला सहसा स्वतःची इमारत नसते. महापालिकेच्या किंवा एखाद्या खासगी दिवसशाळेच्या इमारतीत ती भरते. सकाळी तिसरी-चौथीची मुले ज्या बाकांवर बसतात त्यांवर संध्याकाळी अठरा वर्षांचा वॉर्डबॉय गुडघे दुमडून बसतो. भिंतीवर फळांची आणि प्राण्यांची चित्रे असतात. प्रयोगशाळेला आणि वाचनालयाला दिवसशाळेचे कुलूप, कारण काही फुटले तर भरून कोण देणार हा प्रश्न. स्वच्छतागृहाची किल्ली कधी शिपायाकडे, कधी कोणाकडेच नाही. मुलींच्या गळतीत या एका किल्लीचा वाटा किती असेल, हे कोणी मोजलेले नाही. पण रात्रशाळेत शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, ही गोष्ट पहिल्या पाच तक्रारींत येते.

साडेसहाला चार-पाच जण असतात. सातपर्यंत वर्ग अर्धा भरतो. वडापावच्या गाडीवरचा मुलगा साडेसातला येतो, त्याच्या अंगाला तेलाचा वास असतो आणि तो शेवटच्या बाकावर बसतो. त्याचा पहिला तास रोज बुडतो. तो तास गणिताचा असेल तर वर्षभर गणितच बुडते. वेळापत्रक आठवड्याला फिरवले तर नुकसान वाटले तरी जाते. काही मुख्याध्यापक तसे करतातही. ही बारीकशी युक्ती मला मोठ्या योजनांइतकीच मोलाची वाटते, कारण ती त्या मुलाकडे पाहून सुचलेली आहे.

आता वर्गात फक्त गिरणी कामगारांची नातवंडे नाहीत. मराठवाड्यातून आलेली मुले आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली आहेत, लग्नामुळे शाळा सुटलेल्या आणि मुले मोठी झाल्यावर परतलेल्या बायका आहेत. एके काळी फोर्ट भागात उडुपी हॉटेलांत काम करणाऱ्या मुलांसाठी कन्नड रात्रशाळा भरायच्या. ते स्थलांतर आटले तशा त्या शाळाही ओसरल्या. मुंबईच्या रात्रशाळेचा पट नेहमीच शहरातल्या कामाच्या मागे गेला आहे.

दिवसशाळेला साधारण साडेपाच तास मिळतात, इथे जेमतेम तीन. अभ्यासक्रम तोच. परीक्षेची पद्धत बदलते तेव्हा या मुलांचा विचार वेगळा होत नाही. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे अंतर्गत गुण काढून टाकले गेले. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० वर गेला. दिवसशाळेतला मुलगा नापास झाला तर पुन्हा बसतो. कामावरच्या मुलाला घरचे म्हणतात, झाले ना करून, आता पूर्णवेळ कामाला लाग. परीक्षा मंडळाच्या एका वर्षाच्या प्रयोगाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

पहिला प्रयत्न : पोट आणि प्रयोगशाळा

२००८ मध्ये निकिता केतकर यांनी ‘मासूम’ ही संस्था सुरू केली आणि मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम हाती घेतले. ते पाहिले की सुधारणेची सुरुवात कुठून करावी हे कळते. मूल कामावरून थेट येते, दुपारचे जेवण दोन वाजता झालेले असते, रात्रीचे दहाला मिळणार असते. म्हणून आधी खाणे. संध्याकाळी वर्ग सुरू होताना केळे, उसळ, पोहे असे काहीतरी पोटात जाईल याची व्यवस्था. एके काळी खानावळीच्या झाकलेल्या ताटाने जे काम केले, ते आता एका संस्थेला देणग्या गोळा करून करावे लागते.

मग प्रयोगशाळा. इमारतीतली कुलूपबंद, म्हणून फिरती प्रयोगशाळा शाळेच्या दारात. दहावीला विज्ञान शिकणाऱ्या ज्या मुलाने परीक्षानळी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली, त्याच्या हातात ती पहिल्यांदा आली. याच्या जोडीला वह्या-पुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण, शाळा व्यवस्थापन समित्या आणि सरकारदरबारी पाठपुरावा. काम पुढे मुंबईबाहेरच्या रात्रशाळांपर्यंत गेले.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. या मुलांना काय येत नाही, यापासून सुरुवात झाली नाही. ती सात वाजता कोणत्या अवस्थेत वर्गात येतात, यापासून झाली. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता. मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत. रात्रशाळेतले बहुतेक विद्यार्थी चौदाच्या पुढचे, आठवी ते दहावीतले. म्हणजे हक्काच्या आणि आहाराच्या दोन्ही मोठ्या योजना त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच बऱ्याचशा संपतात. ती फट एका स्वयंसेवी संस्थेने काही शाळांपुरती बुजवली. ती सरकारने सगळ्या शाळांसाठी बुजवायला हवी, आणि संध्याकाळच्या आहाराचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकाला जड जावा असा नाही.

तरीही या प्रयत्नाला एक मर्यादा आहे. जो मुलगा वर्गात पोचला त्याला याने टिकवता येते. जो पोचूच शकत नाही त्याच्यापर्यंत केळे आणि परीक्षानळी जात नाही.

दुसरा प्रयत्न : १७ मे २०१७ चा शासन निर्णय

पिढ्यान्पिढ्या रात्रशाळेत शिकवणारे बरेचसे शिक्षक दिवसा दुसऱ्या शाळेत पूर्णवेळ नोकरी करायचे आणि संध्याकाळी इथे अर्धवेळ यायचे. दोन्हीकडून पगार घेणाऱ्या या शिक्षकांना ‘दुबार’ म्हटले गेले. १७ मे २०१७ च्या निर्णयाने त्यांना रात्रशाळेतून कमी करायचे ठरले आणि त्यांच्या जागी दिवसशाळांत अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त, ठरलेले शिक्षक आणायचे ठरले.

यामागचा युक्तिवाद मला समजतो. सकाळपासून सात-आठ तास घेऊन आलेला शिक्षक रात्री किती ताजा असणार? रात्रशाळेला स्वतःचा पूर्णवेळ शिक्षक असावा, ही मागणी न्याय्यच होती. रात्रीची शाळा ही दुय्यम शाळा नाही, हे त्यातून मान्य होत होते.

अडचण अंमलबजावणीत होती. बदल जूनच्या तोंडावर आला. जुने शिक्षक गेले, नवे सगळीकडे वेळेवर आले नाहीत. कुठे गणिताला कोणी नाही, कुठे इंग्रजीला. आलेल्यांपैकी अनेकांना रात्रशाळेचा अनुभव नव्हता, आणि अतिरिक्त ठरल्यामुळे इथे पाठवले ही भावना मनात होती. पंधरा-वीस वर्षे त्याच शाळेत शिकवलेल्या माणसाला कोणत्या पोराचा मालक सोडत नाही, कोणाच्या बापाला दारूचे व्यसन आहे, कोणाला लवकर सोडले तरच शेवटची गाडी मिळते, हे पाठ असते. ही माहिती कागदावर कुठेच नसते. शिक्षक बदलला की ती त्याच्याबरोबर जाते.

त्यातून पटाचे चक्र सुरू होते. विषयाला शिक्षक नसेल तर मुले येत नाहीत. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या सरकारी हिशेबात, पद कमी होते. पद गेले की आणखी एक विषय शिक्षकाविना राहतो. संचमान्यतेचा हिशेब एका ठरावीक तारखेच्या पटावर होतो. रात्रशाळेचा पट मात्र वर्षभर हलत असतो. गणपतीत मुले गावी जातात, लग्नसराईत कॅटरिंगची कामे निघतात. जी शाळा बंद पडण्याच्या यादीत येते ती बहुतेकदा वाईट शिकवण्यामुळे येत नाही, मोजणीच्या पद्धतीमुळे येते.

पुढेही धोरण बदलत राहिले. पण पूर्णवेळ की अर्धवेळ, दुबार की अतिरिक्त, हा सगळा वाद शिक्षक कोण याभोवती फिरला. विद्यार्थी कोणत्या वेळी मोकळा असतो हा प्रश्न कोणाच्याच टिपणीत आला नाही.

संध्याकाळ आता कामाची

गिरणीचा दिवस साडेतीनला संपायचा. आज त्याच लोअर परळमध्ये कामाची खरी धांदल संध्याकाळी असते. मॉलमधली दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे, घरपोच खाणे आणि किराणा, इमारतींची सुरक्षा, लग्नाचे हॉल. सात ते दहा हे यांचे सोन्याचे तास. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कामावर ठेवणारा बहुतेक याच तासांसाठी ठेवतो. पूर्वी शाळा आणि काम एकमेकांना वाट देत होते. आता दोघांना तोच मुलगा त्याच वेळी हवा आहे, आणि पगार देणारा जिंकतो.

२०१७ मध्येच महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा आला. त्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला मोकळीक दिली. व्यापाराच्या दृष्टीने त्याची कारणे असतील. पण शहरातल्या तरुण कामगाराची संध्याकाळ त्यामुळे आणखी कामाकडे झुकली. त्याच वर्षी दुसरे खाते रात्रशाळेच्या शिक्षकांची फेररचना करत होते. दोन्ही निर्णय एकाच मुलाच्या आयुष्यावर पडत होते. ते एका टेबलावर कधी ठेवले गेल्याचे दिसत नाही.

त्यात अंतर वाढले. काम परळला आणि घर नालासोपाऱ्याला असलेला मुलगा साडेनऊला शाळा सुटल्यावर घरी पोचतो अकराच्या पुढे. पाणी पहाटे येते. मुलगी असेल तर घरचे दहानंतरच्या गाडीला परवानगी देत नाहीत. करोनाच्या काळात हे सगळे एकदम उघडे पडले. हॉटेले बंद, काम गेले, मुले गावी गेली. १ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सर्वांसाठी सुरू झाली, पण ठरावीक वेळेत : पहाटेपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. संध्याकाळी चार ते नऊ सामान्य प्रवाशाला गाडी नव्हती. गर्दी टाळण्यासाठी ते बरोबर होते. पण रात्रशाळा भरण्याची आणि तिथे पोचण्याची वेळ नेमकी तीच. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर कित्येक मुलांच्या हातात शाळेऐवजी पूर्णवेळ काम आलेले होते.

कायद्यात असलेली एक ओळ

या प्रकरणात मला सर्वांत जास्त आशा देणारी गोष्ट शिक्षण खात्याच्या कागदात नाही, कामगार कायद्यात आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरवयीन कामगारांना तो लागू झाला. धोक्याच्या कामांना बंदी आहेच. बाकीच्या कामांतही त्यांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामाला ठेवता येत नाही. विश्रांती धरून दिवसाचे एकूण तास सहापेक्षा जास्त होता कामा नयेत. ओव्हरटाईम नाही. आठवड्याला सुट्टी हवी.

म्हणजे रात्रशाळेत ज्या वयाची मुले अपेक्षित आहेत, त्यांची संध्याकाळ कायद्याने आधीच मोकळी केलेली आहे. सातनंतर गल्ल्यावर उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा तिथे असायलाच नको. ही तरतूद पाळली गेली, तर कोणतीही नवी योजना न काढता रात्रशाळेचे वर्ग भरतील.

मग शाळा मालकांची तक्रार का करत नाहीत? कारण तक्रार झाली की मालक मुलाला काढून टाकतो. घरात त्या पगाराची गरज असते, आणि मुलाचा विश्वास उडतो तो शाळेवरचा. शिक्षकांची ही भीती खरी आहे. म्हणून सुरुवात धाडीने होऊ नये. प्रवेशाच्या वेळी मूल कुठे काम करते हे शाळेला कळतेच. मुख्याध्यापकाच्या सहीचे एक साधे पत्र मालकाला जावे : हा विद्यार्थी आमच्या शाळेत आहे, कायद्याने त्याला सातच्या आत सोडणे बंधनकारक आहे, शाळा साडेसहाला भरते. त्या पत्रावर कामगार खात्याचाही शिक्का असावा. लालबागचा किंवा शिवडीचा छोटा दुकानदार बऱ्याचदा वाईट माणूस नसतो. त्याला नियम ठाऊक नसतो. सहापैकी चार मालकांनी जरी ऐकले तरी वर्ग बदलेल.

अठराच्या पुढच्यांना या तरतुदीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी शाळेलाच वेळ बदलावी लागेल. सुरक्षा रक्षक, डिलिव्हरीवाला, हॉटेलचा वेटर सकाळी मोकळा असतो. दोन-तीन रात्रशाळांनी मिळून एक सकाळची तुकडी चालवावी. कोणत्याही तुकडीत बसले तरी हजेरी धरली जावी, म्हणजे पाळी बदलली की विद्यार्थी तुकडी बदलेल. काही वर्ग कामाच्या ठिकाणाऐवजी घराजवळ, विरार-कल्याणच्या बाजूला भरावेत. संचमान्यतेचा पट एका दिवसाऐवजी वर्षातल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीवर मोजावा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची वाट खुली आहेच. पण एकट्याने अभ्यास करून पास होण्याइतका पाया ज्याचा आहे, तो बहुधा दिवसशाळेतून सुटलेलाच नसतो. ज्याला वर्गाची, शिक्षकाची आणि शेजारच्या बाकावरच्या सोबतीची गरज आहे, त्याला फॉर्म देऊन मोकळे होता येत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टी नव्या कायद्याशिवाय होतील. शिक्षण निरीक्षक कार्यालय आणि कामगार आयुक्तालय, दोन्ही मुंबईतच आहेत. प्रवेश संपतात जुलैत. त्या महिन्यात प्रत्येक रात्रशाळेने चौदा ते अठरा वयाच्या मुलांची आणि त्यांच्या कामाच्या पत्त्यांची यादी करावी, नावे शाळेकडेच ठेवावीत आणि पत्ते तेवढे कामगार खात्याला द्यावेत. पहिली पत्रे गणपतीच्या आधी पोचू शकतात, आणि मुले गावाहून परत येतात तेव्हा त्यांना सात वाजता सुटायचे आहे हे मालकाला आधीच ठाऊक असेल.